माझ्या हातचे टॅपेट

मोटारसायकलचे टॅपेट कसे लावायचे ते मला माझ्या बापाने शिकवलं, आणि मला ते येतं ही गोष्ट आठ वर्षं लोकांपासून लपवलीही त्यानेच. आता तो थकला आहे, कानाने कमी ऐकतो, तर लोक मला म्हणतात, सोडून दे ना बाई, बाप आहे तो. सांगणाऱ्यांचं काय जातं? मी दोन-तीन महिन्यांतून एकदा सिंदेवाहीहून कुरखेड्याला जाते, त्याच्या पाया पडते, जेवते आणि परत येते. राग आहे तिथेच आहे.

आमचं गॅरेज वडशाच्या रस्त्यावर. गॅरेज म्हणजे काय, चार बल्ल्या, वर टिना, आणि मागे कुडाची एक खोली, तिच्यात जुने टायर आणि इंजिनांचे सुटे भाग. त्या खोलीचं मागचं दार उघडलं की आमचं आंगण. पंक्चर काढणारे, ऑइल बदलणारे तर प्रत्येक चौकात होते. बाबांकडे लोक यायचे ते टॅपेटसाठी. कोरचीकडून यायचे, पुराड्याकडून यायचे, कधी पार धानोऱ्याकडून. गाडी वाजायला लागली की एकमेकांना सांगायचे, कुरखेड्याच्या मिस्त्रीकडे ने, त्याच्या हाताला तोड नाही.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. इंजिनाच्या डोक्यात दोन वॉल असतात, म्हणजे झडपा. एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. त्यांना वरून दाबणारे दोन लोखंडी हात असतात. त्या हाताच्या आणि वॉलच्या मध्ये थोडी फट ठेवावी लागते, दाढीच्या ब्लेडाच्या जाडीएवढी. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, म्हणून ही जागा. ही फट बरोबर ठेवणं म्हणजेच टॅपेट लावणं. फट जास्त राहिली तर टॅपेट टकटक वाजतो; गाडी चालते, पण वाजत चालते. फट कमी राहिली तर आवाज बिलकुल नाही आणि गिऱ्हाईक खूष. पण तापल्यावर वॉल पूर्ण मिटत नाही, त्याच्या कडेतून जाळ निघत राहतो, आणि एक दिवस ती कडाच जळून जाते. वाजणाऱ्या गाडीपेक्षा मुकी गाडी वाईट, हे मला बाबांनीच शिकवलं.

मी दहावीत नापास होऊन घरी बसले, त्या वर्षी बाबांचा उजवा हात एका गाडीच्या चेन-गरारीत सापडला. बोटं राहिली, पण अंगठ्याची आणि शेजारच्या बोटाची जाणीव गेली. पाना धरता यायचा, नट कसता यायचा, हातोडा मारता यायचा. फक्त टॅपेट लावता येत नव्हते. ते काम ना ताकदीचं ना डोळ्याचं. चिमटीत धरलेलं ब्लेड फटीत सरकवताना ते किती अडतं, हे बोटाच्या शेंड्याला कळावं लागतं. बाबांच्या शेंड्याला काहीच कळत नव्हतं. पंधरा दिवस त्यांनी येईल त्याला 'पार्ट आला नाई' म्हणून परत पाठवलं. एका संध्याकाळी मी त्यांना मागच्या खोलीत एकटं बसलेलं पाहिलं. समोर उघडं इंजिन, डाव्या हातात ब्लेड, आणि डोळ्यांत पाणी. माझ्या बापाला मी रडताना तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "तुह्ये बोटं दाखव."

माझी बोटं बारीक होती. त्यांनी ब्लेड उभं मोडून अर्धं माझ्या हातात दिलं.

"पाय, हे आत गेलं पायजे, पण मोकळं नाई. अडत अडत गेलं पायजे. ओल्या पाटीवरून कागद ओढतो ना, तसं."

पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ब्लेडाने बोट कापलं. तिसऱ्या दिवशी एकदम कळलं. म्हणजे कसं, ते आजही मला सांगता येणार नाही, पण बोटाला कळलं आणि मग ते कधी विसरलं नाही. इंजिनाच्या बाजूला मॅग्नेटची छोटी खिडकी असते, तिच्यातून पाहत इंजिन हळूहळू फिरवायचं आणि इंग्रजी टीची खूण समोर आली की थांबायचं. ती खूण दोनदा येते, एक खरी आणि एक फसवी. खऱ्या खुणेवर दोन्ही लोखंडी हात सुटे हलतात. मग स्क्रू फिरवायचा, ब्लेड घालायचं, नट कसायचा. आणि नट कसताना स्क्रू त्याच्यासोबत चोरट्यासारखा थोडासा फिरतो, फट बदलते, म्हणून कसल्यावर परत ब्लेड घालून पाहायचं. बहुतेक मिस्त्री हे परत पाहतच नाहीत. मी प्रत्येक वेळी पाहत होते.

बाबांनी मग नियमच करून टाकला. थंड इंजिनाशिवाय आपण टॅपेटला हात लावत नाही, गाडी संध्याकाळी आणून ठेवा आणि सकाळी सातला न्या. नियम खोटा नव्हता. टॅपेट थंड इंजिनावरच लावायचे असतात, रात्रभर ठेवलेल्या गाडीवर सगळ्यात चांगले. पण त्याच्या आड दुसरं कारण होतं, ते घरातल्या चौघांनाच माहीत: आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. पहाटे पाचला बाबा माझ्या खाटेच्या दांडीवर बोट वाजवायचे. "उठतं का?" मी उठायची, मागच्या दाराने गॅरेजमध्ये जायची, आणि रस्त्यावर माणसं दिसायच्या आत दोन गाड्या, तीन गाड्या लावून मोकळी व्हायची. आई पुढे सडा टाकत राहायची. सड्याला एवढा वेळ लागत नाही, पण ती टाकत राहायची. कोणी लवकर आलंच तर ती मोठ्यांदा विचारायची, "कोण जी? इतक्या सकाळी?" आणि मी कुडाच्या खोलीत. आपल्याच बापाच्या गॅरेजमध्ये मी चोरासारखी लपत होते, आणि तेव्हा मला त्यात मजा वाटायची. काय अक्कल होती!

सातला गिऱ्हाईक यायचं. मी नीट कसून ठेवलेलं टॅपेटवरचं टोपण बाबा त्याच्यासमोर परत ढिलं करायचे, आत डोकावून पाहायचे, 'हूं' म्हणायचे आणि परत कसायचे. मग गाडी सुरू करून स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. डोळे मिटलेले. असं नाटक की बस. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा जी, हात आहे का काय आहे तुमचा!" बाबा म्हणायचे, "अनुभव आहे, दुसरं काय." मी तेव्हा चहाचे कप घेऊन उभी असायची. कप खाली ठेवून आत जायची. नखांतलं काळं दिसू नये म्हणून आई मला अगोदर रॉकेल आणि कपड्याच्या साबणाने हात घासायला लावायची.

सुरुवातीला मला काही वाटत नव्हतं. बापाची इज्जत सांभाळून राह्यली, असं वाटायचं. पण वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं. माणसाला कधीतरी वाटतं की नाही? गाव सगळं माझ्या हातच्या टॅपेटवर फिरत होतं. शाळेचे गुरुजी, दूधवाला, फॉरेस्टचे लोक, नवरदेव. दुपारी घरात बसून मला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून कळायचं की ही माझी आहे. जेवढी पायजे तेवढीच बारीक टिकटिक, कमी नाही न् जास्त नाही. मला पैसा नको होता, दुकान नको होतं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की बाबांनी एका तरी माणसाला, माझ्यासमोर, सांगावं: ही गाडी माझ्या पोरीने लावली आहे. बस, एका माणसाला.

लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा पाहुण्यांतल्या एका बाईने माझा हात हातात घेऊन नखं पाहिली. आई पटकन म्हणाली, "चुलीचं काळं आहे बाई, गॅस कुठी पुरते." मी मान खाली घालून बसले. ती सोयरीक काही जमली नाही, पुढची जमली.

लग्नाच्या आदल्या पहाटे मी शेवटची गाडी लावली. त्याच दुपारी हळद लागायची होती, आणि मी गॅरेजमध्ये उकिडवी बसून ब्लेड सरकवून पाहत होते. बाबा बॅटरी धरून उभे होते. मी तेव्हा तोंड उघडलं.

"बाबा, आता मी चालली. एका तरी माणसाले सांगा ना, गाड्या कोण लावत होतं ते."

"सांगून काय होईन?"

"काई होणार नाई. मले बरं वाटन."

ते म्हणाले, "आठ वर्षाचे गिऱ्हाईक मले खोटा म्हणतीन. न् तुह्या सासरचे म्हणतीन, पोट्टी तेलात हात घालत होती. कोणाचं भलं होईन सांग बरं?"

बापाशी वाद घालायची मला सवय नव्हती. मी टोपण कसलं, हात धुतले आणि दुपारी हळद लावून घेतली.

सिंदेवाहीला माझा नवरा भाताच्या संशोधन केंद्रात रोजंदारीवर आहे. साधा माणूस. त्याची गाडी मी आंगणात लावते, दिवसाढवळ्या, आणि शेजारी विचारतात तेव्हा तो तोंड भरून सांगतो, "आमच्या घरच्या बाईनं लावली." पहिल्यांदा त्याने असं म्हटलं तेव्हा मी आत जाऊन रडले. त्याला वाटलं, त्याचं काही चुकलं.

तिकडे माझा धाकटा भाऊ नागपूरहून परत आला. तो तिथे मोटारसायकलच्या शोरूममध्ये गाड्या धुवायच्या कामाला होता, पण गावात आल्यावर 'शोरूमचा मिस्त्री' झाला. बाबांनी गॅरेज त्याच्या हाती दिलं. द्यायलाच पाहिजे होतं, मुलगा आहे. त्याबद्दल मला बोलायचं नाही. बोलायचं आहे ते पुढचं. वर्षाच्या आत मी माहेरी गेले, तर माझ्या डोळ्यांदेखत बाबा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "माह्यापेक्षा हुशार निघाला जी पोट्टा. गाडीचा आवाजच बंद करून टाकते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षांत एक शब्द नाही, आणि याला आठ महिन्यांत दवंडी.

आणि आवाज तो कसा बंद करत होता? ब्लेड तो घालतच नव्हता. बोटाने तो लोखंडी हात हलवून पाहायचा आणि ढील संपेपर्यंत स्क्रू कसायचा. थंड-गरम काही पाहायचं नाही, गाडी आली की उघडायची, अर्ध्या तासात द्यायची. लोक खूष होते. रात्रभर गाडी ठेवायची कटकट गेली आणि गाडी एकदम मुकी. आमच्याकडे लोकांना मुक्या गाडीचा भारी शौक. वाजणारी गाडी म्हणजे जुनी गाडी, सासुरवाडीला न्यायला लाज वाटते.

त्यानंतर एक वर्षाने आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी आठ दिवस तिच्या मदतीला गेले. दुसऱ्याच पहाटे खाटेच्या दांडीवर बोट वाजलं.

"उठतं का?"

मला आधी वाटलं मी स्वप्नात आहे. बाबा अंधारात उभे होते. "दोन गाड्या आहेत. पोट्ट्यानं लावल्या, पण जराशा पाहून घे. त्याले सांगू नोको."

म्हणजे त्यांना माहीत होतं! सगळं माहीत होतं. दिवसा तोंड वर करून पोराची तारीफ करणाऱ्या माझ्या बापाला पक्कं माहीत होतं की पोरगा वॉल जाळून राह्यला आहे. मला संताप आला, आणि तरी मी उठले. खोटं कशाला बोलू, बोटं शिवशिवत होती. टोपण काढलं, खरी खूण आणली, ब्लेड लावलं. आत जाईचना. दोन्ही गाड्यांचं तेच. मी ढील देऊन दोन्ही नीट केल्या. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही केल्या.

चौथ्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक परत आलं आणि भावाला म्हणालं, जराशी टिकटिक येऊन राह्यली भाऊ, मागच्या वेळी तर बिलकुल नव्हती. भावाने टोपण उघडलं आणि त्याला कळलं. तो सरळ स्वयंपाकघरात आला.

"ताई, तू माह्या गाड्याले हात लावला?"

"लावला. वॉल जाळून राह्यला तू लोकायचे."

"माह्यं गिऱ्हाईक तोडून राह्यली तू! दोन दिवसासाठी येतं, न् शहाणपण शिकवतं."

मी बाबांकडे पाहिलं. ते दारात उभे होते. मला वाटलं आता तरी म्हणतील की मीच उठवलं होतं तिला. ते म्हणाले, "जाऊ दे ना बाई. तुह्या टाइमाच्या गाड्या वेगळ्या होत्या. आता त्याले पाहू दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी हातातली पळी ठेवली आणि म्हटलं, "बरं. आता मले पाचले उठवू नका." त्या रात्री मी जेवले नाही. आई पट्टी बांधलेल्या डोळ्याने माझ्याकडे तोंड करून बसली होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पुराड्याकडचा एक शेतकरी आला. बाबांचं जुनं गिऱ्हाईक, मृदू बोलणारा माणूस. त्याची गाडी आठ वर्षांत मी कितीदा लावली असेल, आणि गेल्या वर्षात भावाने दोनदा. सोबत त्याची मुलगी होती, विशीची. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला तिची भरतीची परीक्षा होती. पहिली बस धरून वेळेत पोचता येत नव्हतं, म्हणून ती दोघं पहाटे गाडीनेच निघणार होती. रात्रीपुरतं कुरखेड्यातच नातेवाइकाकडे उतरली होती. गाडी जराशी वाजते म्हणून तो दाखवायला आला आणि गाडी सोडून मुलीला नातेवाइकाकडे पोचवायला गेला. मी कुडाच्या खोलीच्या दारातून पाहत होते. पुराड्याहून धावून आलेली गाडी, इंजिन अजून तापलेलं होतं, आणि भावाने टोपण उघडून स्क्रू कसायला घेतला. थोड्या वेळाने तो माणूस एकटाच परत आला, तेव्हा भावाने गाडी सुरू केली. एक टिक नाही. मुकी. तो माणूस हसून म्हणाला, "वा."

मी बाबांना बाजूला घेतलं. "गाडी गरमच कसली त्यानं. ढील बिलकुल नाई. उद्या ती गडचिरोलीपावतर धावन, याच्यापेक्षा कितीतरी तापन. पोरीची परीक्षा आहे."

बाबा म्हणाले, "तूच म्हणाली ना, उठवू नका."

एवढं म्हणून ते गेले. मी तेव्हा काय करू शकत होते? पुष्कळ करू शकत होते. त्या माणसाला जाऊन सांगू शकत होते, की गाडी ठेवून जा, पहाटे चारला मी लावून देते. नाही सांगितलं. मला राग होता, आणि मला मनातून कुठेतरी वाटत होतं की होऊ द्या काय व्हायचं ते, एकदा यांचं पितळ उघडं पडू द्या. तेवढा दोष माझा आहे. मी तो नाकारत नाही, आणि त्या मुलीची आठवण झाली की अजून जीव तुटतो.

गाडी आरमोरीच्या पुढे जंगलात बंद पडली. आधी ओढेना, मग थांबली, मग किक मारून मारून त्या माणसाचा पाय सुजला. तापलेल्या गाडीत कॉम्प्रेशनच, म्हणजे आतला दाबच, उरला नव्हता. इंजिन थंड होईपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला बसली, सुरू झाली तर चार किलोमीटरवर परत बंद. एका पिकअपवाल्याने मुलीला गडचिरोलीला नेऊन सोडलं तेव्हा परीक्षेचं गेट बंद झालं होतं.

दुपारी तोच पिकअपवाला गाडी आणि दोघांना घेऊन आमच्या गॅरेजवर आला. मुलगी रडून रडून थांबलेली होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तिचे कागद. समोरच्या पानठेल्यावरची चार-पाच माणसं जमा झाली. भावाने इंजिनाचं हेड खोललं आणि धुराचा वॉल काढून हातात घेतला. त्याची कडा उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. एका दिवसात वॉल तसा होत नाही, वर्षभर जळत आलेला होता. सगळ्यांनी पाहिलं. भाऊ वॉलकडेच पाहत राहिला.

शेतकरी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाबांना म्हणाला, "इतके वर्षं तुमच्याकडेच येतो जी. कधी असं झालं नाई. मंग आता काऊन झालं?"

बाबांनी भावाकडे पाहिलं. मग त्यांनी कुडाच्या खोलीकडे पाहिलं, तिथे दारात मी उभी होते. माझ्या बापाचा चेहरा मला पाठ आहे. ते काय करणार आहेत हे मला त्यांनी तोंड उघडायच्या आधी कळलं, आणि तरी वाटलं की नाही, एवढं नाही करणार.

"माह्या पोरीनं लावली होती," बाबा म्हणाले. "माहेरी आली आहे. तिले जरासा शौक आहे याचा. मी म्हणत होतो, नोको लावू."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी त्या वाक्यासाठी दहा वर्षं थांबले होते. शब्द न् शब्द तेच, चार लोकांसमोर, माझ्या तोंडावर.

"बाबा," मी म्हटलं, "ह्या गाडीले मी हातबी लावला नाई."

"आता नाई म्हणून काय होते बाई," बाबा म्हणाले. माझ्याकडे न पाहता. भाऊ खाली बसून पाने गोळा करत होता, जसे काही ते त्याच क्षणी गोळा करायचे होते.

मी आणखी बोलणार होते. सगळं ओकून टाकणार होते, पहाटेचं, आईच्या सड्याचं, आठ वर्षांचं. पण तेवढ्यात तो शेतकरीच मला म्हणाला, अगदी समजावल्यासारखं, "राहू दे बाई. होते चूक. बायकायचं काम नोहे हे, म्हून झालं." पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "तरीच." आणि त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या बापाने मला सोडून दिलं होतं, तिने नाही. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली. माझं तोंड बंद झालं. खरं सांगितलं असतं तरी तिला काय मिळणार होतं? आणि कोण विश्वास ठेवणार होतं?

ती दोघं त्या रात्रीही नातेवाइकाकडेच राहिली. भावाने वडशाहून नवीन वॉल आणला, घासून बसवला, हेड चढवलं. मी पिशवी भरून ठेवली, सकाळच्या बसने निघायचं म्हणून.

पहाटे पाचला खाटेच्या दांडीवर बोट वाजलं.

मी डोळे उघडले पण हलले नाही. बाबा म्हणाले, "हेड नवीन बसलं आहे. पोरगी त्याच गाडीवर घरी जाणार आहे." आणखी काही नाही. माफी नाही, काही नाही. त्यांना मी कशाने उठेन हे बरोब्बर माहीत होतं.

मी उठले. ती मुलगी त्या गाडीवर पुराड्याच्या जंगलातून जाणार होती, आणि तिला परत एकदा रस्त्यात बसवायचं माझ्याच्याने झालं नसतं. भाऊ आत घोरत होता. मी खरी खूण आणली, ब्लेड घातलं, नट कसला, परत ब्लेड घालून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. बाबांनी बॅटरी धरली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सातला शेतकरी आणि त्याची मुलगी आली. मी चहाचे कप घेऊन कुडाच्या खोलीत थांबले होते. बाबांनी टोपण ढिलं करून परत कसलं, गाडी सुरू केली, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. बारीक टिकटिक, कमी नाही न् जास्त नाही. शेतकऱ्याचा चेहरा मोकळा झाला. बाबा त्याला म्हणाले ते मला कुडाच्या भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं.

"आता बेफिकीर जा जी. या वक्ती मी सोता लावली. पोरीले हात लावू नाई देल्ला."